चार दिवसांचा मुक्काम

सासऱ्यांनी घसा खाकरला, खिडकीच्या काचेत बसवलेल्या छोट्या माइकला तोंड जवळजवळ टेकवलं आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं,

“आता आमचं काय! आज आहे, उद्या नाही.”

आरोग्य केंद्राच्या हॉलमधल्या झाडून सगळ्या लोकांनी माना वर केल्या. परमुलखातल्या त्या लोकांना सासऱ्यांची भाषा येत नव्हती, त्यामुळे म्हातारा काय म्हणाला ते कळण्याचा प्रश्न नव्हता. पण आवाज असा होता की आता कुठली तरी गाडी सुटणार असं वाटावं. त्यात नवलही नव्हतं. सासऱ्यांची सगळी नोकरी बस डेपोत कंट्रोलर म्हणून झाली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आणि कधी सुटणार, हे गर्दीच्या डोक्यांवरून सांगण्यात त्यांची हयात गेली होती. समोर माइक दिसला की आजही त्यांचं पोट आत जायचं आणि छाती बाहेर यायची.

शेजारी उभी असलेली सून मात्र चटकन खिडकीशी सरकली. काचेपलीकडच्या कारकुनाचा प्रश्न अगदी साधा होता. इथे किती दिवस राहणार? या एका प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं की त्यांची नोंदणी होणार होती, आणि नोंदणी झाली की डॉक्टर आणि औषधं मिळणार होती. तिला तिथली भाषा आता बऱ्यापैकी येत होती. तिनंच बोलून मोकळं व्हायचं, तर घरच्यांनी मधे बोलायचं नाही असा केंद्राचा नियम होता. घरचे लोक भाषांतर करताना आपल्याला हवं ते घुसडतात असा त्यांचा अनुभव असावा, आणि तो अगदीच खोटा होता असंही म्हणता येणार नाही. म्हणून काउंटरवर एक फोन उताणा ठेवलेला होता आणि त्यातून एक दुभाषी मुलगी बोलत होती. मुलगी इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. भाषा आईकडून शिकलेली. बोलायची अगदी स्वच्छ, शब्दाला शब्द ठेवून.

मुलीनं सासऱ्यांचं वाक्य कारकुनाच्या भाषेत सांगितलं. “हे आज इथे आहेत. उद्या नसतील.”

कारकुनाची टाइप करणारी बोटं थांबली. उद्या कुठे जाणार, असं त्यानं विचारलं. मुलीनं तेच सासऱ्यांना विचारलं. सासऱ्यांनी समजूतदारपणे हसून बोट छताकडे केलं.

“वर.”

“वर म्हणजे कुठे?”

“अगं वर म्हणजे वर. सगळे जातात तिकडे.”

“वरच्या भागात जाणार आहेत,” मुलगी कारकुनाला म्हणाली. “तिकडे बरेच लोक जातात.”

“उत्तरेला?” कारकुनानं विचारलं. “तिकडे नातेवाईक आहेत का यांचे?”

नातेवाइकांचं नाव निघाल्यावर सासरे जरा मऊ झाले. आहेत तर, म्हणाले. बायको आहे. मोठे भाऊ आहेत. डेपोतले तर आता बहुतेक सगळे तिकडेच. आपणच काय ते मागे राहिलो. मुलीनं हेही इमानेइतबारे सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आणि कारकून मान डोलवत टाइप करत राहिला.

“अहो, तसं नाही ते,” सून काचेला हात लावून म्हणाली. “ते आपलं बोलायची पद्धत—”

कारकुनानं हात वर केला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का होता. छपाई यंत्रातून कागद बाहेर आला, त्यावर शिक्का बसला आणि तो खिडकीच्या फटीतून सरकत तिच्यापर्यंत आला. तात्पुरता मुक्काम, कुटुंबाचं वास्तव्य अन्यत्र, नोंदणी नाही. तिचा चेहरा पाहून त्यानं एवढं मात्र सांगितलं, की हे मान्य नसेल तर घरी येऊन बघून जाण्यासाठी अर्ज करता येतो. तपासनीस येतील, माणूस खरंच तिथे राहतो का ते बघतील. तिनं तिथल्या तिथे उभ्याउभ्या तो अर्ज भरून दिला. तोवर सासरे मागच्या रांगेतल्या एका बाईला हातवारे करून बसायला जागा दाखवत होते.

बसथांब्यावर येईपर्यंत तिनं तो शिक्क्याचा कागद दोनदा वाचून काढला. वारा बोचरा होता. सासऱ्यांनी थांब्यावरचं वेळापत्रक वाचलं, घड्याळात बघितलं आणि गाडी लेट असल्याबद्दल नापसंतीनं मान हलवली.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “सरळ सांगायचं होतं ना, इथेच राहणार म्हणून.”

“मी खोटं काय बोललो?”

“खोटं नाही हो. पण सरकारी खिडकीत असं कोणी बोलतं का? आता तुम्ही उत्तरेला चाललात त्यांच्या हिशेबानं. आईंना भेटायला.”

सासऱ्यांना आधी काही कळेना. मग कळलं, आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिलाही हसू आवरेना, आणि हसू येतंय याचाच तिला राग यायला लागला. ठसका थांबला तेव्हा सासऱ्यांनी छातीवर हात दाबून धरला होता आणि त्यांचा श्वास जड झाला होता. तिचं हसू जागच्या जागी विरलं. गोळी घेतलीत ना सकाळी, असं तिनं विचारलं. घेतली, ते म्हणाले. पण म्हणताना त्यांनी बसच्या दिशेला बघितलं, म्हणून तिनं पाकीट मागितलं.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. आत ब्लेडनं नीट मधोमध कापलेल्या अर्ध्या गोळ्या होत्या. हृदयाचं दुखणं झालं तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की जेवण चुकलं तरी चालेल, ही गोळी चुकवायची नाही. निघताना भरपूर आणल्या होत्या. त्या कधीतरी संपणार हे तिनं आणि नवऱ्यानं धरलेलं होतंच, म्हणून तर केंद्राच्या खेपा चालल्या होत्या. पण त्या संपत आल्यात आणि म्हातारा अर्धी अर्धी करून पुरवतोय, हे तिच्या गावीही नव्हतं.

“हे कधीपासून चाललंय?”

“थंडी पडायला लागली तेव्हापासून. अर्ध्यानंही भागतं तसं.”

“मला सांगायचंत ना बाबा. खाजगी डॉक्टरकडे गेलो असतो.”

“चार दिवसांसाठी कशाला तो खटाटोप,” सासरे म्हणाले. आणि बस आली म्हणून पुढे झाले.

हे चार दिवस तिच्या ओळखीचे होते. सासूबाई गेल्यावर नवऱ्यानं फोनवर वडिलांना म्हटलं होतं, चार दिवस या इकडे, जरा मोकळं वाटेल. सगळेच असं म्हणतात. चार दिवस म्हणजे काही मोजून चार नसतात हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. सासरे आले. झाडांची पानं गेली, रस्ते गारठले, नवऱ्यानं मालाच्या ट्रकवर किती फेऱ्या केल्या आणि तिनं लॉन्ड्रीत किती चादरी घड्या केल्या, त्याला गणती नाही. तिकडची भाड्याची जागा कधीच सोडून दिली होती. परत कुठे जायचं हा प्रश्नच उरला नव्हता, म्हणून तो कुणी काढलाही नाही, आणि ते चार दिवस तसेच चालू राहिले.

घरी आल्यावर तिनं त्यांची शिकवणी सुरू केली. तपासनीस विचारतील, किती दिवस राहणार. तुम्ही म्हणायचं, कायमचा. एकच शब्द. पुढे मागे काही जोडायचं नाही. सासरे खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होते. ते खुर्चीत नेहमी असेच बसायचे, टेकून कधी नाही.

“म्हणून दाखवा बघू.”

“बरेच दिवस,” सासरे म्हणाले.

“बरेच दिवस नाही. कायमचा.”

“ते मी म्हणणार नाही.”

“का पण?”

“आपण होऊन म्हणायचं नसतं तसं.”

तिला वाटलं, हा म्हाताऱ्या माणसांचा अपशकुनाचा काहीतरी प्रकार असणार. आपल्या तोंडानं कायमचं वगैरे बोललं की नियतीला कान असतात, तसलं काहीतरी. तिनं समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी अर्ध्या गोळ्यांची आठवण करून दिली. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दोघांचे कप विसळले, पुसून फडताळात ठेवले. शब्द मात्र काढला नाही. तिनं नवऱ्याला फोन लावला तर तो कुठल्याशा घाटात होता. मी आलो की बोलतो त्यांच्याशी, एवढं म्हणेपर्यंत फोन कट झाला. दर वेळी अगदी मोक्याला याचा बोगदा कसा येतो, असा तिला प्रश्न पडला.

तपासणीच्या आदल्या दिवशी ती लॉन्ड्रीतून लवकर सुटी घेऊन आली आणि पदर खोचल्यासारखी कामाला लागली. घर बघायला कोणी येणार म्हटल्यावर, मग तो सरकारी माणूस का असेना, घर आरशासारखं दिसलं पाहिजे, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. तिनं फरशी घासली, खिडक्या पुसल्या, दाराशी पडलेल्या चपला पोत्यात भरल्या, दोरीवरचे कपडे ओले-सुके न बघता काढून कपाटात कोंबले. सासऱ्यांनी बिनबोभाट हाताखाली काम केलं. जे काही इकडेतिकडे दिसेल ते उचलून दृष्टीआड केलं. संध्याकाळी दोघांनी दारात उभं राहून बघितलं तेव्हा दोन्ही खोल्या इतक्या लख्ख दिसत होत्या, की इथे कुणी राहत असेल असं वाटू नये. आपण केवढा घोळ घालून ठेवलाय याची कल्पना तिला तेव्हा आली नाही. उलट तिला समाधानानं छान झोप लागली.

तपासनीस बाई सकाळी आल्या. प्रौढ, खांद्याला जड पिशवी, चेहऱ्यावर पायपिटीचा थकवा. त्यांनी चहाला नको म्हटलं, पण पाणी घेतलं. फोन टेबलावर ठेवून दुभाषीला जोडून घेतलं, आणि फोनमधून पुन्हा त्याच मुलीचा आवाज आला. या भाषेसाठी त्यांच्याकडे ती एकटीच होती. बाई चष्मा पुसत होत्या तेवढ्यात मुलगी आपल्या भाषेत घाईघाईनं बोलून गेली.

“आजोबा, त्या दिवशी माझी चूक झाली. मी आईला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली.”

“तुझी कसली चूक,” सासरे फोनकडे वाकून म्हणाले. “मी बोललो तसंच तर तू सांगितलंस.”

काय बोलणं चाललंय, असं बाईंनी विचारलं. मी माफी मागत होते, असं मुलीनं खरं खरं सांगितलं. बाईंनी भुवया उंचावल्या, पण पुढे विचारलं नाही. त्यांनी कागद काढले आणि घर बघायला सुरुवात केली.

हे झोपतात कुठे, असा पहिला प्रश्न होता. सुनेनं बाहेरच्या खोलीतली भिंतीलगतची जागा दाखवली. तिथे काहीच नव्हतं. अंथरूण कुठे आहे, बाईंनी विचारलं. सासऱ्यांनी स्वतः जाऊन कपाटामागच्या फटीतून अंथरुणाची घडी ओढून दाखवली. लॉन्ड्रीत यंत्रातून निघालेल्या चादरीची घडीसुद्धा इतकी नेमकी नसते, हे सुनेला तेव्हा जाणवलं. रोज ती कामाला निघायच्या आत ही घडी त्या फटीत गेलेली असायची, म्हणून तिनं ती नीट कधी पाहिलीच नव्हती.

बाई न्हाणीत गेल्या. पेल्यात दोन ब्रश होते.

“यांचा?”

सासऱ्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्म्याचं जुनं घर काढलं. त्यात ब्रश होता. टॉवेल? टॉवेल त्यांच्या पिशवीत होता, वाळवून, घडी घालून. साबण एका डबीत, डबी त्याच पिशवीत. चपला दारामागे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या. चहा कुठल्या कपात पितात? जो रिकामा असेल त्यात, सासरे म्हणाले. जेवायला कुठे बसतात? तुम्ही दोघं जेवल्यावर जागा असतेच की, असं ते सुनेकडे बघून म्हणाले, आणि त्यात तक्रारीचा सूर औषधालाही नव्हता. बाई एकेक गोष्ट लिहून घेत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू कोरा होत चालला होता.

सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाबांचा काही म्हणजे काही त्रास नाही, असं ती लॉन्ड्रीत बायकांना कौतुकानं सांगायची. बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस. तिलाही तसंच वाटायचं. आता एक परकी बाई हातात पेन घेऊन तिच्या घरात एका माणसाचा माग काढत होती आणि तो कुठे सापडत नव्हता. तो माणूस एवढे दिवस आपली प्रत्येक खूण स्वतःच्या हातानं पुसत होता, आणि काल तर तिनं त्याला मदत केली होती. तिला इतकं वाईट वाटलं की बाईंनी पुढचा प्रश्न काय विचारला हे तिनं ऐकलंच नाही.

प्रश्न तोच होता. फोनमधून मुलीनं तो या वेळी फार जपून विचारला. “आजोबा, तुम्ही या घरात किती दिवस राहणार आहात?”

सून मनातल्या मनात म्हणाली, कायमचा. म्हणा, बाबा.

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे.

“ते मी कसं सांगू?” ते म्हणाले. आवाज कंट्रोलरचा नव्हता, अगदी साधा होता. “ज्याचं घर त्यानं सांगायचं असतं ते.”

मुलीनं ते बाईंच्या भाषेत सांगितलं. बाईंनी ते लिहिलं, आणि लिहून झाल्यावरही पेन तिथेच टेकवून ठेवलं. अपशकुनाचा वगैरे काही संबंध नव्हता, हे सुनेला आता कळलं. त्यांना कुणी राहा म्हणालंच नव्हतं. चार दिवस या, एवढंच म्हटलं होतं, आणि त्यापुढचं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी मात्र धरलं नव्हतं. ते वाट बघत होते.

बाईंनी पान उलटलं. घराबद्दलचे चार प्रश्न राहिलेत, ते तुम्हाला विचारते, असं त्या सुनेला म्हणाल्या. हे प्रश्न तिलाच होते, त्यामुळे दुभाषीची गरज नव्हती. घरात माणसं किती? तिघं. भाडेकरार कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या. विजेचं बिल? त्याच्याच. घरात मुख्य कोण?

“बाबा,” ती म्हणाली.

प्रश्न पुरता संपायच्या आत तिच्या तोंडून ते निघून गेलं. लहानपणापासून कुणीही कसलाही कागद घेऊन दारात आलं, की या प्रश्नाला घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचं नाव सांगायचं, एवढंच तिला माहीत होतं. मग त्या माणसाला दिसत नसो, ऐकू येत नसो, की त्याच्या नावावर फुटका पेलाही नसो. त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “तुमचे वडील?”

“नाही, हे. सासरे.”

“भाडं तुमचा नवरा भरतो.”

“हो.”

“यांच्या नावावर इथे काही नाही.”

“नाही.”

“तरी घरात मुख्य हे?”

“मग दुसरं कोण असणार?” तिनं विचारलं. तिला खरंच प्रश्न पडला होता.

बाईंनी हातातल्या कागदाची पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली. “मला एक नीट सांगा,” त्या म्हणाल्या. “हे तुमच्याकडे राहतात, की तुम्ही दोघं यांच्याकडे?”

आता मात्र तिनं विचार केला. बाईंना कुठलं उत्तर सोयीचं आहे याचा नाही. ते तिला कळतही नव्हतं. तिनं भिंतीलगतच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि आधी जे तोंडातून नुसतं निसटलं होतं ते आता ठरवून सांगितलं.

“आम्ही यांच्याकडे राहतो.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं. “मग माझी पंचाईत झाली. घरातला मुख्य माणूस त्या घरात राहतो का, असा प्रश्नच आमच्याकडे नाही. विचारायला जागाच ठेवलेली नाही. मुख्य म्हटला की तो तिथे राहतो, हे धरलेलंच असतं.” त्यांनी आधीच्या पानावर एक लांब तिरकी रेघ मारली. ती मारण्याआधी त्यांनी कपाटाशी ठेवलेल्या अंथरुणाच्या घडीकडे एकदा बघितलं. त्यांना सगळं समजलेलं होतं असं सुनेला वाटलं. पण ते तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

सासरे आळीपाळीनं दोघींच्या तोंडांकडे बघत होते. ही बोलणी त्यांच्या डोक्यावरून चालली होती. बाईंनी फोनकडे बोट केलं, यांना सांगा म्हणून.

“आजोबा,” मुलगी म्हणाली, “तुमच्या सूनबाई म्हणतात, या घरात मुख्य तुम्ही आहात. ती दोघं तुमच्याकडे राहतात.”

सासऱ्यांनी हात कानामागे नेला.

“परत सांग,” ते म्हणाले. “नीट ऐकू येत नाही तुमच्या या फोनवर.”

फोनवर उत्तम ऐकू येत होतं. रस्त्यावरची गाडीसुद्धा आवाजावरून ओळखणारा माणूस तो. पण मुलीनं परत सांगितलं, या खेपेला सावकाश आणि मोठ्यानं. सासऱ्यांनी मान खाली घालून ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग तशीच मान हलवली.

“हे खरं आहे का, असं या बाई विचारतात,” मुलगी म्हणाली.

“लिहा,” सासरे म्हणाले. “लिहा म्हणावं तसं.”

बाईंनी लिहिलं. पिशवीतून शिक्का काढून मारला, एक चिठ्ठी फाडून सुनेच्या हातात दिली. नोंदणीचं कार्ड टपालानं येईल, पण या चिठ्ठीवर आजपासून डॉक्टर आणि औषध दोन्ही मिळेल, असं सांगितलं. जिना उतरताना त्या थांबून म्हणाल्या की आजच जा, उद्यावर टाकू नका. सुनेला त्यांचे आभार कसे मानावेत ते कळेना. तिनं त्यांची जड पिशवी रस्त्यापर्यंत उचलून नेली, तेव्हा कुठे तिच्या जिवाला बरं वाटलं.

दुपारी केंद्रातल्या डॉक्टरांनी सासऱ्यांची छाती तपासली, अर्ध्या गोळ्यांबद्दल त्यांना चार शब्द सुनावले आणि महिन्याभराचं औषध लिहून दिलं. औषधाच्या खिडकीतून गोळ्यांचा डबा बाहेर आला तेव्हा सुनेनं तो इतका घट्ट धरला, की आतल्या माणसाला तो सोडून द्यावा लागला. कोपऱ्यातल्या नळावरून ती पेला भरून घेऊन आली. सासऱ्यांनी एक अख्खी गोळी तळहातावर घेतली, जिभेवर ठेवली आणि पाणी प्याले. ती शेजारच्या खुर्चीत मटकन बसली. एवढ्या दिवसांत आपले खांदे वर ओढलेले होते हे तिला ते खाली आल्यावर समजलं. तिला रडू येईलसं वाटलं, पण आली ती जांभई. चांगली मोठी, लागोपाठ दोन.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. बोगद्यातून सुटला असावा. बाबांना दे, म्हणाला, त्या तपासणीचं मी त्यांना नीट समजावतो. तिनं फोन सासऱ्यांच्या हातात दिला. एरवी ते, हो, बरा आहे, हिला देतो, एवढं म्हणून फोन विस्तवासारखा परत करायचे. आज त्यांनी तो कानाला लावला आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

“ते झालं सगळं,” ते म्हणाले. “तू कुठे आहेस? जेवलास का? मग आधी कुठेतरी थांबून जेव, अन् तासभर डोळा लाव. पेंगत पेंगत गाडी हाणायची नाही, सांगून ठेवतो. आणि माल उतरवला की सरळ घरी यायचं. मधे कुणाकडे टेकायचं नाही. हिला काल सगळ्या घराच्या फरश्या एकटीनं घासाव्या लागल्या. असं चालणार नाही.”

हॉलमधल्या लोकांनी माना वर करून बघितलं. सासऱ्यांनी पलीकडचं उत्तर ऐकून घेतलं, हं म्हणाले आणि फोन सुनेकडे दिला.

“बाबांना काय झालं?” नवरा दबक्या आवाजात विचारत होता. “मला इतकं कधी बोलले नव्हते ते. सगळं ठीक आहे ना?”

“एकदम ठीक,” ती म्हणाली. “तू आपला ते सांगतात तसं कर.”